खुरासणीचं तेल

लाँच आजवर कधी बंदच पडली नव्हती असं कोण म्हणेल? डिझेलात पाणी शिरलं होतं, पंख्याला जाळं गुंडाळलं होतं, बॅटरी मेली होती, सगळं झालं होतं. पण इंजिन मजेत धडधडतंय आणि लाँच मात्र जागची हलत नाही, हे सीतारामनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आणि ते घडावं कधी, तर फाल्गुनातल्या शनिवारी, भर दुपारी, धरणाच्या पाण्याच्या ऐन मध्यावर, पश्चिमेचा वारा पिसाळलेला असताना.

हिरा तेव्हा अलीकडच्या काठावर धुणं वाळत घालत होती. नवऱ्याच्या लाँचचा आवाज तिच्या कानात इतका मुरलेला, की चपाती लाटताना नुसत्या आवाजावरनं ती सांगायची, आता निघाली, आता वळली, आता लागली. त्या दिवशी आवाज चढला, चढतच गेला, पण लाँच पुढं सरकेना. वाऱ्यानं तिला आडवी केली आणि खडकांच्या बाजूला ओढत न्यायला सुरुवात केली. आत शाळेतनं परतणारी पोरं होती, दुधाचे रिकामे कॅन होते, बाजार केलेल्या बायका होत्या. हिराच्या हातातली साडी पिळायची तशीच राहिली.

सीताराम पुढच्या टोकाला धावला. लांब बांबू त्यानं खडकाला टेकवला आणि अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. लाँच थांबली. बांबू मोडला, आणि मोडता मोडता सीतारामचा उजवा खांदा घेऊन गेला. मग मासे धरणाऱ्यांच्या होड्या आल्या आणि त्यांनी दोर लावून लाँच काठाला आणली. बाकी कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही.

लाँचमधनं सगळ्यात शेवटी गोपाळकृष्ण काका उतरले. हे सदाशिव पेठेतले निवृत्त मास्तर. आयटीआयमध्ये यंत्रं शिकवण्यात जन्म गेला, आणि म्हातारपणी पलीकडच्या जांभूळटेपावर दोन खोल्या बांधून आंब्याची झाडं लावत बसले होते. लाँच दोन्ही काठांच्या लोकांनी मिळून घेतलेली, तिचं एक मंडळ होतं, आणि काका त्या मंडळाचे अध्यक्ष. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चष्मा तळ्याच्या तळाशी गेलेला.

"सीतारामराव," काका म्हणाले, "जलविहार उत्तम झाला. आता कारण शोधा."

"गिअर पकडत न्हाई, काका. इंजिन फिरतंय, पंखा फिरत न्हाई."

"ते मला बसल्या जागी समजलं. का पकडत नाही, ते विचारतोय. उद्या नाही, पुढच्या रविवारी मंडळाची बैठक आहे. लोक विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल."

लोक रविवारपर्यंत कशाला थांबतील! संध्याकाळी पिठाच्या गिरणीपाशी हिराच्या कानावर आलं ते असं, की सीतारामनं गिअरमध्ये जुनं वापरलेलं तेल घातलं आणि नव्याचे पैसे खिशात टाकले. तिथंच दुसरंही ऐकू आलं. आमोद म्हणून एक पोरगा होता, बोट क्लबात परवाना काढलेला. तो लाँच चालवायला तयार होता म्हणे. हिरानं पिठाचा डबा डोक्यावर घेतला आणि कुणाला काही न बोलता घरी आली. रडू तिला घरी आल्यावर आलं.

कागदावर त्यांचं गाव आता पुणे शहरात होतं. पण जांभूळटेपाला रस्त्यानं जायचं तर अख्ख्या तळ्याला वळसा, आणि तोही पावसाळ्यात चिखलातनं. म्हणून तिकडच्या घराघरांतनं लाँचवाल्याला सुगीला तांदूळ यायचा. तिकीट वेगळं, हा तांदूळ वेगळा. ज्यानं वर्षभर पार नेलं त्याला आपल्या खाचरातलं द्यायचं, अशी तिथली रीत. सीतारामच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली ती पोती रचलेली असायची, आणि सीताराम म्हणायचा, ही माझी पदवी. आता ती पोती आमोदच्या घरी जाणार, या विचारानं हिराला जेवण जाईना.

सीतारामचा हात गळ्यात बांधलेला. हाड शाबूत होतं, पण हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि गिअरबॉक्स तर इंजिनाच्या मागं, फळ्यांखाली, अशा कोनाड्यात की धडधाकट माणसालाही आडवं होऊन हात घालावा लागायचा.

"मी करते," हिरा म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुमी सांगा, मी करते. माझा हात बारीक हाय, जाईल आत."

सोमवारी ती बसनं स्वारगेटला उतरली आणि चालत बिबवेवाडीत गेली. तिथं पंप-इंजिनांच्या सामानाचं एक जुनं दुकान होतं. सीतारामनं सांगितलेलं लाल तेल, जाळीच्या झाकणाची रबरी रिंग आणि तेल उपसायचा हातपंप तिनं मागितला.

"कुठल्या गाडीचं?" दुकानदारानं पेपरातनं मान वर न करता विचारलं.

"लाँचचं."

आता मात्र मान वर झाली. "पुण्यात लाँच? कुठे बांधता, मुठेच्या पुलाला?"

"बांधली तर तुमाला फुकट फिरवून आणीन," हिरा म्हणाली. "रिंग जरा बघून द्या, फाटकी नको."

दुकानदार हसला. रिंग त्यानं दोनदा तपासली, आणि एक जास्तीची पुडीत टाकून दिली.

बुधवारी सकाळी वारा पडलेला होता. काका नवा चष्मा घालून आणि गिअरबॉक्सचं पुस्तक काखेत मारून हजर झाले. सीताराम फळीवर बसला आणि हिरा पदर खोचून त्या कोनाड्यात शिरली. पाठीखाली आडवी लाकडी फळी, तोंडावर डिझेलचा दर्प, कोपर हलवायलाही जागा नाही. आधी इंजिन थोडा वेळ चालवून तेल कोमट केलं, म्हणजे ते पातळ होऊन नीट निघतं. मग इंजिन बंद करून तिनं तेल मोजायची सळई काढली, त्या भोकातनं पंपाची बारीक नळी खाली बुडापर्यंत सोडली आणि दांडा ओढायला लागली.

"काढलेलं तेल फेकायचं नाही," काका म्हणाले. "बरणीत ठेवा. बैठकीत ठेवायचं समोर. उगाच गिरणीवरचे निकाल नकोत."

म्हणजे यांच्याही कानावर गेलं होतं तर! हिराला तेवढ्यानंही बरं वाटलं.

नळीतनं तेल आलं आणि तिघंही बघत राहिले. यायला हवं होतं लाल, काचेच्या बांगडीच्या रंगाचं. आलं ते तपकिरी, फेसाळ, आणि वर चिकट तार धरणारं. येतच राहिलं. असायला हवं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त.

"हे काय घातलंय?" काकांचा आवाज बदलला. "आणि इतकं? जास्त झालं की फेस होतो, आणि फेस झाला की आतल्या पकडीच्या पट्ट्या घसरतात. हे तुम्हाला माहीत असायला हवं, सीतारामराव."

"आईशप्पत काका, मी थेंब घातला न्हाई. शनिवारी सकाळी बघायला सळई काढली होती तेवढीच."

काकांनी बरणी नाकाशी नेली. "वास विचित्र आहे. जुन्या चिवड्याचा यावा तसा."

हिरानं बोट बुडवून वास घेतला. तिच्या आईच्या घरचा वास होता तो. पावसाळ्यात उंबऱ्याशी बसून आई तव्यावर भाकरी टाकायची आणि वर हे तेल आणि मीठ. खुरासणीचं तेल! डोंगराच्या वरकस रानात पिवळी फुलं येतात, त्याच्या काळ्या बियांचं. आता कोण पेरतंय ते? सगळं जांभूळटेप हुडकलं तरी एकच घर निघायचं. म्हाताऱ्या मुक्ताईचं.

तिनं सीतारामकडं बघितलं. त्यानंही बोट बुडवलं, वास घेतला आणि तिच्याकडं बघून मान अगदी बारीक हलवली. बोलू नकोस.

हिरानं उरलेलं काम केलं. मागचं झाकण उघडून जाळी काढली. जाळीवर खळ बसली होती, ती डिझेलात दातांच्या ब्रशनं घासली. थोडं नवं तेल घालून, इंजिन फिरवून, तेही उपसून टाकलं. हंडा खंगाळतात तसं दोनदा केलं, तेव्हा कुठं नळीतनं स्वच्छ लाल आलं. नवी रिंग बसवली, झाकण आवळलं, नवं तेल भरलं. मग दोर दोन्हीकडनं ताणून बांधले आणि सीतारामनं डाव्या हातानं दांडा पुढं केला. पंख्यानं पाणी मागं फेकलं आणि दोर ताठ झाले. मागं केला, तर पाणी पुढं आलं. गिअर पकडत होता. हिराचे डोळे भरून आले. तेलकट हातानं पुसायला गेली आणि गालाला काळं लागलं.

"आता इंजिन बंद करून सळई बघा," काका म्हणाले. हिरा सळई आट्यात फिरवून घट्ट बसवायला लागली तसे ओरडले, "अहो, फिरवू नका! नुसती टेकवायची. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. फिरवली की ती जास्त खाली जाते आणि तेल आहे त्याहून जास्त दिसतं."

सीताराम खजील झाला. "मी तर कायम फिरवूनच बघत आलो."

"म्हणजे तुम्ही हिला कायम अर्धपोटी ठेवलंत."

"व्हय की," सीताराम म्हणाला. त्यानं लाँचच्या कडेवर हात फिरवला. "चुकलंच. बरं झालं काका, तुमी आलात."

काका गेल्यावर हिरा उसळली. "मुक्ताईचं तेल हाय ते! तिनंच वतलं असनार. मग गप का बसायचं आपन? गाव तुमाला चोर म्हनतंय!"

सीताराम लाँचच्या टोकाला ठेवलेल्या माठाशी गेला. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी म्हणून तो तिथं ठेवलेला. त्यानं पेला भरला आणि तिच्या हातात दिला.

"मी पहिल्यांदा चाक धरलं तवा हा माठ ठेवला. आठवतंय का? पल्याडची कितीक माणसं तहान मारून बसायची, पर माझ्या माठाला शिवायची न्हाईत. उनाचा कडाका, पोरं पानी मागायची, आया गप करायच्या. एक दिवस मुक्ताई उठली. सगळ्यांम्होरं दोन पेले प्याली, तोंड पुसलं आन् म्हनली, गार हाय गं, घ्या. त्या दिसापासनं सगळी पितात." त्यानं माठावर झाकण ठेवलं. "त्या बाईचं नाव मी चारचौघांत घेऊ? म्हातारी हाय. काय समजून वतलं असंल बिचारीनं. लोक हसतील तिला."

"आन् चाक गेलं तर?"

"गेलं तर गेलं. सळई काढून भोक उघडं टाकलं ते मीच की."

हिरा पाणी प्याली. पटत होतं आणि जळतही होतं. रविवारपर्यंत ती नवऱ्याच्या खांद्याला गरम पाण्याच्या पिशव्या लावत राहिली आणि मनातल्या मनात गिरणीवरच्या बायकांशी भांडत राहिली.

रविवारी जांभूळटेपाच्या मारुतीसमोर, पारावर बैठक भरली. दोन्ही काठांची माणसं आली होती. मुक्ताईही आली होती. त्या शनिवारी सकाळीच ती विश्रांतवाडीला लेकीकडं गेली होती, ती आदल्या संध्याकाळी परतली. पाठ वाकलेली, हातात काठी. पाराच्या कडेला टेकली आणि शेजारणीला विचारायला लागली की एवढी माणसं का जमलीत.

काका उभे राहिले. "दुरुस्ती झालेली आहे. लाँच चालते, मी स्वतः बसून आलो. यंत्रात नको ते तेल गेलं होतं आणि प्रमाणाबाहेर गेलं होतं. ते हे." त्यांनी बरणी पारावर ठेवली. "सीतारामराव, हे तुम्ही घातलंत का?"

"माझ्या हलगर्जीपनानं गेलं, काका."

"मी ते विचारलं नाही. घातलंत का?"

सीतारामनं गळ्यातला हात सावरला. मागनं कुणीतरी म्हणालं, "आता कशाला विचारताय? आमोदला द्या चाक." दुसरं कुणी म्हणालं, "पोरं बुडाली असती म्हंजे!" हिरा बायकांच्यात बसली होती. पदराचं टोक तिनं दातात धरलं होतं, कारण तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं.

बरणी हातोहात फिरायला लागली. जो तो वास घ्यायचा आणि नाक मुरडून पुढं द्यायचा. फिरत फिरत ती मुक्ताईकडं आली. म्हातारीला धड दिसत नव्हतं. तिनं बरणी नाकाशी धरली, मग पुन्हा धरली.

"ह्ये तर माझ्या खुरासणीचं!" ती म्हणाली. "ह्ये हितं कसं आलं?"

पारावरच्या सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या.

"आजी, र्‍हाऊ दे," सीताराम घाईनं म्हणाला.

"का म्हनून र्‍हाऊ दे? मीच वतलं की लाँचला. शनवारी. लेकीकडल्या मारुतीला न्यायची बाटली होती माझ्याकडं. सगळी उतरली, मी आपली गाठोडं बांधत मागं र्‍हायले. ह्यानं हिचं झाकान काढलं आन् आपल्याशीच म्हनला, हिला तेल लागतंय. आन् तेवढ्यात ह्या मास्तरनं त्येला हाक मारली वर, कसल्या पाटीला रंग द्यायचा म्हनून. म्हनलं, मारुतीला दर शनवारी घालतो, हिला कधी कोन घालतंय का? माझी सून अडली होती तवा भर पुरात हिनंच न्हेली पार. नातू आज कालिजात हाय. अर्धी हिला वतली, अर्धी मारुतीला." ती थांबली. सगळ्यांची तोंडं तिला दिसत नव्हती, पण शांतता ऐकू आली असावी. "का रं शिताराम? बाधलं का काय हिला?"

सीताराम तिच्यापाशी जाऊन खाली बसला. "न्हाई आजी. जरा पोट बिघडलं होतं. हिरानं साफ केलं."

"आन् त्यापायी तुला बोलत्यात व्हय ही?" म्हातारीचा आवाज चिरकला. काठी टेकून ती उभी राहिली. "मला बोला! म्या केलंय. ह्यो तोंड मिटून बसला, माझ्यापायी. आरं, माझं नाव सांगायचं की लेका!"

कुणाला हसू आलं नाही. गिरणीवर सगळ्यात जास्त बोललेली बाई हिराच्या शेजारीच होती. तिनं हिराच्या मांडीवर हात ठेवला आणि मान खाली घातली. हिरानं तो हात झटकला नाही. आठवडाभर साठवलेलं भांडण कुठं गेलं, तिचं तिलाच कळलं नाही.

काकांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसायला जरा जास्तच वेळ लावला.

"हाक मी मारली होती," ते म्हणाले. "पाटीच्या रंगासाठी. तेव्हा उघड्या भोकाचा निम्मा दोष अध्यक्षांकडे जमा करावा. मुक्ताबाई, तुम्ही घातलेलं तेल मारुतीराय पचवतात. आपल्या लाँचची तेवढी तपश्चर्या झालेली नाही. तिला तिचं लाल तेलच लागतं, आणि तेही सळई न फिरवता." आता मात्र माणसं हसली, आणि सगळ्यात मोठ्यानं मुक्ताई हसली. "चाक सीतारामरावांकडेच राहील. खांदा बरा होईपर्यंत आमोदनं शेजारी बसावं आणि शिकावं. कुणाला हरकत असेल तर त्यानं पोहत यावं."

हरकत कुणालाच नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी काका एक पितळी वाटी आणि चार स्क्रू घेऊन आले. लाँचच्या नाकाडावर, माठाच्या शेजारी, ती वाटी त्यांनी स्वतः बसवली. "हे अधिकृत भोक," म्हणाले. "श्रद्धा इथे, गिअर तिथे." सीताराम देवधर्म करणारा नव्हता, पण डाव्या हातानं वाटी धरून त्यानंच ती सरळ बसली का ते पाहिलं.

मुक्ताई पलीकडच्या काठावर वाट बघत उभी होती. सीतारामनं हात दिला, ती वर आली, माठातलं पेलाभर पाणी प्याली आणि बाटलीतलं तेल वाटीत ओतलं. आमोदनं दोर सोडला. दांडा पुढं झाला आणि लाँच वाऱ्याला न जुमानता निघाली. हिरा मागं बसून तो आवाज ऐकत होती. इतका गोड तो तिला कधी वाटला नव्हता.

अलीकडं आल्यावर माणसं उतरली. मुक्ताई मात्र उठेना. तिनं वाटीत चार बोटं बुडवली आणि हिराला खूण केली.

"हिरे, त्येचा सदरा काढ."

"आता हितं?" सीताराम लाजला.

"गप बस. हिचं पोट बिघडलं, पर तेल काय वाईट न्हाई माझं. हाडाला लई चांगलं." म्हातारीनं त्याचा दुखरा खांदा पुढं ओढला आणि सुरकुतल्या हातानं तेल चोळायला लागली, आधी वरून, मग काखेकडनं मागं. खुरासणीचा वास सगळ्या लाँचभर पसरला. "लाँचला तेल घालायचं म्हंजे हिच्या चालवनाऱ्याला घालायचं, त्ये मला त्या दिशी कळलं न्हाई," ती म्हणाली. "हात वर कर बघू."

सीतारामनं हात वर केला. खांद्यापर्यंत गेला, थांबला, मग थोडा वर गेला. "जातोय की, आजी," तो म्हणाला. हिरानं वाटीतलं उरलेलं तेल दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतलं आणि म्हातारीच्या पुढं केलं.